बिनआवाजाचा डबा

वृषाली लग्न होऊन डिंगोऱ्याला गेली आणि घरात सगळ्यात मोठी अडचण झाली ती ऋषीच्या पुस्तकांची.

ऋषी तिचा धाकटा भाऊ. जन्मापासून त्याला दिसत नव्हतं. पुण्याच्या अंधशाळेत दहावीपर्यंत शिकला, तिथंच संगणक शिकला, आणि आता येडगावला घरी राहून जुन्नरच्या कॉलेजातून बी. ए. करत होता. विषय इतिहास. शाळेची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळायची, कॉलेजची मिळत नव्हती. म्हणून वृषाली वाचायची आणि तो ऐकायचा. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून. "मागचं वाक्य परत," असं तो मधेच अडवायचा आणि त्यावरून दोघांची खडाजंगी व्हायची.

लग्नानंतर ती फक्त रविवारी यायला लागली. बाकीचे दिवस तिची डिंगोऱ्याच्या शाळेतली नोकरी आणि संसार. एका रविवारी वाचून वाचून वाचणार किती? तेव्हा ऋषीनंच तोड काढली.

"तू रविवारी वाच. मी रेकॉर्ड करतो आणि आठवडाभर ऐकतो. मागचं वाक्य परत ऐकायला तुला विचारायला नको."

"देवच पावला," वृषाली म्हणाली.

घरात एक जुना संगणक होता. एका पतसंस्थेनं मोडीत काढलेला, वडिलांनी, म्हणजे हौशीरामांनी, ओळखीतून आणलेला. पडद्यावरचं बोलून दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर त्यावर ऋषीनं स्वतः टाकलं होतं. माइक लावला, वृषालीनं पहिला धडा वाचला. सोमवारी सकाळी ऋषीनं हेडफोन कानाला लावला आणि पाच मिनिटांत काढून ठेवला.

"काय झालं रं?" आईनं विचारलं. ठकूबाई चुलीपाशी बाजरीच्या भाकरी थापत होत्या.

"ताई गिरणीत बसून वाचतेय असं वाटतं."

खरंच तसं होतं. त्या संगणकाला तीन पंखे. एक घरघरायचा, एक शीळ घालायचा आणि तिसरा मधेच अडखळून पुन्हा सुरू व्हायचा. हार्ड डिस्क तर उंदरानं कणगीत दाणे कुरतडावेत तशी कुरकुरायची. एरवी माणसाला ते ऐकू येत नाही, कान सरावतो. पण माइक सरावत नाही. वृषालीच्या आवाजामागं तो सगळा कारखाना चालू होता. तासभर ऐकलं की ऋषीचं डोकं भणभणायचं.

त्यातून दुसरी अडचण निघाली. वीज असली की नदीकाठचे पंप चालू, गिरणी चालू, शेजारच्या घरात टीव्हीवरची हिंदी मालिका चालू. गाव शांत व्हायचं ते भारनियमनात. दुपारी लाइट गेली की एकदम सगळं थांबायचं. नुसत्या चिमण्या आणि लांबून एखादं वासरू. वाचायला याहून चांगली वेळ नव्हती, पण तेव्हा संगणकही बंद.

"लाइट असली की आवाज, आणि लाइट नसली की संगणक नाही," ऋषी म्हणाला. "आता काय करायचं?"

"भरतला इचार की," हौशीराम म्हणाले. "त्यो काय तरी डोकं लावील."

*

भरत हा ऋषीचा आतेभाऊ. आळेफाट्याला चौकाच्या पुढं त्याचं दुकान होतं. दोन्ही बाजूंना गॅरेजं, समोर नाशिककडं आणि नगरकडं जाणाऱ्या गाड्यांची रीघ. लग्नातले स्पीकर, जत्रेतले कर्णे, बँडवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर, सगळं त्याच्याकडं दुरुस्तीला यायचं. तीस-एकतीस वर्षांचा गडी, बोलायला मोकळा, आणि सतत मोठ्या आवाजात राहिल्यामुळं स्वतःही मोठ्यानंच बोलायचा.

ऋषीनं त्याला सगळं सांगितलं. आवाज नको. बॅटरीवर चालला पाहिजे. कॉलेजात मित्रांकडं न्यायचा तर पिशवीत मावला पाहिजे. आणि खिशाला झेपला पाहिजे.

भरत खो खो हसला. "गड्या, माझ्याकडं येणारा परत्येक जण म्हणतो, भाऊ, आवाज वाढवून द्या. आवाज घालवायला आलेला तू पयलाच!"

"जमेल का?"

"आवाज येतो कुठनं? जे हलतं त्यातनं. पंखा हलतो, डिस्क फिरते. काहीच हललं नाय तर आवाज नाय." भरतनं हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. "पण पंखा काढला की तापतं. तापलं की जळतं. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचं बी तेच दुखणं. म्हंजे मूळ गोष्ट अशी, की कमी तापणारं सामान शोधायचं."

ऋषीलाही तेच वाटत होतं. अंधशाळेतल्या एका मित्रानं त्याला सांगितलं होतं, की यंदा बाजारात संगणकाचे नवीन बोर्ड आलेत, वीतभर लांबीरुंदीचे, प्रोसेसर त्यावरच बसवलेला आणि वीज एखाद्या दिव्याएवढीच खाणारे. ताकद बेताची, पण आवाज रेकॉर्ड करायला आणि बोलणारं सॉफ्टवेअर चालवायला पुरेल.

"मग चल पुण्याला," भरत म्हणाला. "सामान हातात घेतल्याशिवाय मी काय इकत घेत नाय."

"आणि मी ऐकल्याशिवाय," ऋषी म्हणाला.

*

दोन हजार आठ सालचा पावसाळा सरत आला होता. दोघं सकाळच्या एसटीनं शिवाजीनगरला उतरले आणि रिक्षानं तपकीर गल्लीत गेले. अरुंद गल्ली, दोन्ही अंगाला विजेच्या सामानाची दुकानं, हमालांचा ओरडा, स्कूटरचे भोंगे. ऋषीनं भरतचा दंड धरला होता, दुसऱ्या हातात काठी.

पहिल्या दुकानदारानं तयार शांत संगणक दाखवला. परदेशी, पुस्तकाएवढा, देखणा. किंमत ऐकून भरतनं तो दोन्ही हातांनी जपून परत ठेवला.

"राव, ह्यात एक दुभती जर्सी गाय येती की," तो बाहेर आल्यावर म्हणाला.

दुसऱ्या दुकानात काउंटरवर एक पोक्त गृहस्थ होते. चष्मा कपाळावर चढवलेला. ऋषीनं आधी संगणकाला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय मागितला.

"कुठल्या कंपनीचा?"

"कुठल्याही. पण मला तो चालू करून ऐकायचाय."

"ऐकायचाय?"

भरतनं खिशातून लांब दांड्याचा, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढला. शेजारच्या गॅरेजवाल्यांची ही रीत त्याला ठाऊक होती. इंजिनावर टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि बाहेर कितीही गोंगाट असला तरी आतलं सगळं ऐकू येतं. दुकानदारानं एक पॉवर सप्लाय चालू केला. ऋषीनं टोक त्याच्या पत्र्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली.

"हा शीळ घालतो," तो म्हणाला.

दुसरा लावला. "ह्याचं बेअरिंग जाणार दोन महिन्यांत."

तिसरा. "हा बरा आहे, पण आत भुंगा गुणगुणतोय."

दुकानदारानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मग त्यांनी मूठ स्वतःच्या कानाला लावली. "अरेच्चा! आहे की भुंगा!" दारातली दोन गिऱ्हाइकं आत आली. त्यांनाही ऐकायचं होतं. बघता बघता काउंटरवर पॉवर सप्लायची रांग लागली आणि स्क्रू ड्रायव्हर हातोहात फिरू लागला. एक जण म्हणाला, माझाही असाच ओरडतो. दुसऱ्यानं आपला परवाच घेतलेला पंखा पिशवीतून काढला, ऋषीकडं दिला आणि निकालाची वाट बघत उभा राहिला. "चांगला आहे, वापरा बिनधास्त," असं ऋषी म्हणाला तेव्हा तो परीक्षेत पास झाल्यासारखा खूश झाला.

पण ऋषीला पसंत पडेल असा एकही पॉवर सप्लाय निघाला नाही.

"हे बघ," दुकानदार शेवटी म्हणाले, "पंखा आहे तोवर आवाज राहणार. याहून शांत हवा तर बंदच ठेवायचा."

"बॅटरीवर चालणारं काय नाय का?" भरतनं विचारलं. "बारा व्होल्टचं?"

गृहस्थ खुर्चीवरून उठले. मग माळ्यावर चढले, आणि धूळ झटकत एक छोटी पेटी घेऊन आले. आत हातात मावेल एवढी एक पट्टी, वायरांचा झुबका. गाडीत संगणक बसवायचा म्हणून कुणीतरी मागवली आणि न्यायला आलंच नाही, असं ते म्हणाले. गाडीच्या बॅटरीवर चालते. व्होल्टेज खाली-वर झालं तरी सांभाळून घेते.

ऋषीनं बोटांनी चाचपलं. "पंखा नाही ह्याला?"

"नाही. पंखा नाही, भुंगा नाही, गिऱ्हाईकही नाही. दोन वर्षं पडून आहे. तुम्हाला निम्म्यात देतो."

त्यानंतर सगळं भराभर झालं. तो नवा वीतभराचा बोर्ड मिळाला. हार्ड डिस्कऐवजी कॅमेऱ्यात घालायचं कार्ड घेतलं आणि ते बोर्डाला जोडायचं एक स्वस्त अडॅप्टर. जागा थोडीच होती, पण ऋषीनं हिशेब आधीच केला होता. रविवारचं वाचन त्यात मावणार, सोमवारी ते जुन्या संगणकावर हलवायचं, सीडी काढायच्या. जुन्याला ओरडू दे हवं तेवढं, तेव्हा माइक बंद असणार.

पैसे देण्याआधी ऋषीनं बोर्ड चालू करून मागितला. स्क्रू ड्रायव्हर टेकवला, आणि त्याचा चेहरा पडला.

"आहे. बारीक आहे, पण आहे. डासासारखा."

भरतनं वाकून पाहिलं. प्रोसेसरवर पंखा नव्हता, नुसती अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. पण शेजारच्या दुसऱ्या चिपवर नाण्याहून थोडा मोठा एक पंखा फिरत होता.

"हा काय तरास आहे का?" भरत म्हणाला. "ह्यो मी बघतो. घे बिनधास्त."

*

आळेफाट्याच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात भंगाराचा ढीग होता. त्यातून भरतनं एक जुना अ‍ॅम्प्लिफायर ओढून काढला. कधीकाळी तो प्रचाराच्या जीपमध्ये बसून गावोगाव बोंबलत फिरला होता. आतलं सगळं जळलेलं, पण पेटी शाबूत. आणि त्याच्या पाठीला अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पात्या, उष्णता बाहेर टाकायला.

"ह्योच आपला डबा," भरत म्हणाला. "लई बोलून झालंय ह्याचं. आता गप बसंल."

त्यानं आतलं सामान काढलं, पेटी घासून-पुसून घेतली. बोर्ड आत बसत होता. चिपवरचा डासाचा पंखा त्यानं उचकटून टाकला. मग अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा कापला, घासून गुळगुळीत केला, आणि एक बाजू चिपला आणि दुसरी पेटीच्या पाठीला टेकेल असा बसवला. मधे पांढरी पेस्ट. चिपची गरमी ठोकळ्यातून पात्यांत जाणार आणि पात्यांतून हवेत. ऋषी प्रत्येक टप्प्याला बोटानं बघत होता. ठोकळा केसभर तिरका बसलाय हे त्यालाच कळलं, आणि भरतनं शिव्या देत पुन्हा घासला.

चालू केला. ऋषी कान देऊन बसला. काहीच नाही.

"बंद पडला," तो म्हणाला.

"चालू आहे की," भरत म्हणाला, आणि तेवढ्यात स्पीकरमधून त्या सॉफ्टवेअरचा घोगरा आवाज आला, संगणक तयार असल्याचा. दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी दिली. टाळी हुकली, पुन्हा दिली.

अर्ध्या तासानं डबा खरोखरच बंद पडला. ऋषीनं पात्यांना हात लावला आणि झटकन मागं घेतला. "तवा झालाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. भरतनं भोकं पाडून पाहिली, पेस्ट बदलून पाहिली. शेवटी तो वैतागून म्हणाला, "एक बारका पंखा लावूच का?"

"नको. थांब." ऋषी पेटीवर तळहात धरून बसला होता, पत्र्याला न टेकवता. "गरम हवा वर येतेय ना? पण ह्या पात्या आडव्या आहेत. हवा एका पातीखाली अडकते, वर जातच नाही."

भरतनं वाकून पात्यांकडं पाहिलं. मग त्यानं पेटी उचलली आणि एका कुशीवर उभी केली. आता पात्या खालून वर गेल्या होत्या, धुराड्यासारख्या. डबा चालू करून दोघं समोरच्या हॉटेलात मिसळ खाऊन आले, वरून चहा घेतला, नाशिकच्या गाडीतून उतरलेल्या एका पाहुण्याशी गप्पा मारल्या. परत आले तरी डबा चालूच. ऋषीनं पात्यांना हात लावला. विरजण लावायच्या दुधासारख्या कोमट.

"गड्या," भरत म्हणाला, "एवढी वर्सं मी अ‍ॅम्प्लिफायर बसवतोय. आजपासनं सगळे उभे."

*

राहिली बॅटरी. ट्रॅक्टरला एक होती, आणि ऋषीनं ती रविवारी दुपारपुरती मागितली. हौशीराम हो म्हणाले आणि विसरले. पहिल्याच रविवारी टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात न्यायला म्हणून ते ट्रॅक्टरवर बसले, किल्ली फिरवली, आणि काही म्हणता काही झालं नाही. खाली उतरून बघतात तर बॅटरीची जागा रिकामी. जड बॅटरी ओढत नेल्याची रेघ अंगणातून घरात गेलेली.

ते दारात आले. आत वृषाली माइकसमोर वाचत होती. ऋषीनं ओठावर बोट ठेवलं. हौशीराम पाय न वाजवता खाली बसले आणि धडा संपेपर्यंत बसून राहिले.

"कोण व्हता त्यो राजा?" वाचन थांबल्यावर त्यांनी विचारलं. "पुढं काय झालं त्याचं?"

त्या दिवशी टोमॅटो उशिरा गेले. पुढच्या आठवड्यात हौशीरामांनी स्वतःच आळेफाट्याहून एक जुनी पण धड बॅटरी आणली, फक्त डब्यासाठी.

रेकॉर्डिंग असं झालं होतं की ऋषीला वृषालीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. पान उलटल्याचा आवाज. लांब कुठंतरी पारवा. त्यानं सीडी काढून अंधशाळेच्या जुन्या मित्रांना पाठवल्या. पुण्याच्या वसतिगृहात इतिहास घेतलेली सात-आठ मुलंमुली होती, त्यांनी पुढच्या धड्यांची मागणी केली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी वृषालीचा फोन आला. तिच्या पुतणीला, समृद्धीला, ताप होता. येता येणार नव्हतं. इकडं सहामाही परीक्षा तोंडावर आलेली आणि फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा राहिलेला.

"मी वाचू का?" ठकूबाईंनी विचारलं.

ऋषीला वाटलं आई चेष्टा करतेय. ठकूबाई सातवीपर्यंत शिकल्या होत्या. पेपर वाचायच्या, पण मनातल्या मनात.

"रेकॉर्ड नको करू हां," त्या म्हणाल्या. "माझं वाचणं म्हंजे ठेचकाळत. तुला नुसतं वाचून दावते."

"बरं," ऋषी म्हणाला. पण दुपारी लाइट गेली, गाव शांत झालं, आणि आईनं पुस्तक हातात घेतलं तेव्हा त्यानं सवयीनं डबा आणि रेकॉर्डिंग चालू केलं. आपण काय केलं हे त्याच्याही लक्षात आलं नाही. पडदा तो लावतच नसे, त्याला त्याचा उपयोग काय? सॉफ्टवेअर बोललं ते कानाला न लावलेल्या हेडफोनमध्ये, आणि डब्याला दुसरा आवाज नव्हता. कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी उभी होती, एवढंच.

ठकूबाई पहिली दोन पानं अडखळत वाचत गेल्या. मग त्यांना सूर सापडला. पॅरिसमध्ये भाकरी महागली आणि बाजारातल्या बायका राजवाड्यावर चालून निघाल्या, तिथं आल्यावर त्या थांबल्या.

"बायाच निघाल्या? गडी कुठं व्हते?"

"मागून आले," ऋषी म्हणाला.

"येणारच मागनं." त्यांनी पुढं वाचलं. "भर पावसात, तोफा ओढीत, वर-साय... व्हर-साय इथं पोचल्या. ऋषी, हे किती लांब रं?"

"वीसेक किलोमीटर."

"म्हंजे आळेफाट्यावरनं नारायणगावला जाऊन वर थोडं आणिक. पावसात. पोटात काय नसताना." ठकूबाईंनी पुस्तक मांडीवर ठेवलं. "आणि राजाच्या बायकोला पत्ताच नाय? अगं बये, एवढी मोठी हवेली, कुणी सांगितलं नाय तुला? बरं केलं त्यांनी. मी बी गेले असते." मग त्या पुन्हा वाचायला लागल्या, आणि धडा संपेपर्यंत असंच चाललं. राजा त्यांना बिचारा वाटला, पण बावळट. वकील लोक लई बोलतात असं त्यांचं मत पडलं. ऋषी हसून हसून आडवा झाला.

वाचन संपल्यावर तो डब्यापाशी गेला आणि तेव्हा त्याला कळलं.

"आई," तो म्हणाला, "रागावू नको. हे सगळं रेकॉर्ड झालंय."

"काय? चालू व्हता त्यो?" ठकूबाईंनी पदर तोंडाला लावला. "अरं मेल्या, काय तरी घरघर तरी करू दे त्याला! पुस, पुस पयलं."

"पुसतो. पण एकदा ऐक."

त्यानं हेडफोन आईच्या कानाला लावला. ठकूबाईंनी स्वतःचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. आधी त्या लाजल्या, मग कान देऊन ऐकू लागल्या, मग राणीला रागावल्याच्या जागी स्वतःच खुदकन हसल्या.

"ही बाई बरी वाचती की," त्या म्हणाल्या.

"पुसू?"

"राहू दे." हेडफोन काढून ठेवत त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या पोरांना बी लागत असंल ना हा धडा? दे धाडून. हसली तर हसू दे."

*

आठ दिवसांनी फोन वाजला. ठकूबाईंनीच उचलला.

"मावशी, तुम्हीच का फ्रेंच राज्यक्रांतीवाल्या?" एका मुलीचा आवाज. "मी प्रांजल. पुण्याला वसतिगृहात असते, पण गाव माझं लोणी, आंबेगाव तालुक्यातलं. मावशी, पुढचा धडा कधी?"

पाठीमागं आणखी चार-पाच आवाज कालवा करत होते. कुणी विचारत होतं, नेपोलियनबद्दल मावशींचं काय म्हणणं आहे? ठकूबाईंनी फोन छातीशी धरला आणि ऋषीला विचारलं, "त्यो नेपोलियन कोण रं?"

"पुढच्या धड्यात आहे."

"रविवारी वाचते म्हणावं," ठकूबाई फोनमध्ये म्हणाल्या.

वृषालीला हे कळलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी एवढं शुद्ध वाचते, स्वल्पविरामाला थांबते, आणि लोकांना आई हवी!" पण तिलाच सगळ्यात जास्त आनंद झाला होता. त्या दिवसापासून वाटणी झाली. सनावळ्या, तह, करार वृषालीकडं. लढाया, राण्या आणि मोर्चे ठकूबाईंकडं. भरतनं माइकसाठी एक चांगला स्टँड करून दिला आणि अशाच आणखी एका डब्याची जुळवाजुळव सुरू केली, कारण वसतिगृहातून तशी मागणी आली होती. तपकीर गल्लीतले ते गृहस्थ त्याला आता नावानं ओळखत होते. पॉवर सप्लाय विकण्याआधी ते स्वतः स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकतात, असं त्यांनी भरतला सांगितलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रांजल येडगावला आली. बरोबर तिचे वडील, राघू. डोक्याला फेटा, घरची मेंढरं अजून राखून होते. त्यांनी येताना एक घोंगडी आणली होती, घरच्या लोकरीची.

"वैनी, आमच्या पोरीनं तुमचं वाचणं मेंढक्यांच्या आख्ख्या वाड्याला ऐकवलं," राघू म्हणाले. "माझी आई इचारती, त्या राणीचं पुढं काय झालं."

"बरं नाय झालं," ठकूबाई म्हणाल्या. "बसा पावणं, सांगते निवांत."

प्रांजललाही दिसत नव्हतं. ठेंगणी, बोलकी पोर. ती घरात शिरली, भिंतीला हात लावत कोपऱ्यातल्या डब्यापाशी गेली, पात्यांवरून बोटं फिरवली. "चालू आहे का हा?" तिनं विचारलं, आणि ऋषी म्हणाला, "सांगणार नाही." त्यावर दोघं किती तरी वेळ हसत बसले.

जेवणं झाली. आमरस झाला होता, तो सगळ्यांना जरा जास्तच झाला. दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, नदीकाठचे पंप थांबले. ठकूबाईंनी सवयीनं चष्मा शोधायला सुरुवात केली.

"आज तुम्ही नाही, मावशी," प्रांजल म्हणाली. तिनं आपल्या पिशवीतून जाड कागदांचं एक मोठं मासिक काढलं. पानांवर अक्षर नव्हतं, नुसते उठावाचे ठिपके. "आज मी वाचते. तुम्ही बसा."

"मला?" ठकूबाई म्हणाल्या. "मला कशाला वाचून दावायचं?"

त्यांना आजवर कुणी वाचून दाखवलं नव्हतं. त्या जरा अवघडूनच भिंतीला टेकून बसल्या, घोंगडी मांडीवर घेऊन. प्रांजलनं मासिक उघडलं, दोन्ही हातांची बोटं ओळीवर ठेवली आणि वाचायला लागली. समुद्रातल्या एका खडकावरच्या दीपगृहाबद्दल लेख होता. तिथं दिवा सांभाळणाऱ्या माणसाची बायको, तिची पोरं, वादळात बोट न आल्यानं संपत आलेलं पीठ. प्रांजलची बोटं डावीकडून उजवीकडं सरकत होती आणि शब्द बाहेर येत होते. ठकूबाई आधी तिच्या बोटांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटले.

हौशीराम दाराशी बसले होते, राघू त्यांच्या शेजारी.

"थांब गं जरा," ठकूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "पीठ संपलं तर पोरांना दिलं काय तिनं? मागचं वाक्य परत वाच."

प्रांजलनं बोटं मागं नेली आणि ते वाक्य पुन्हा, सावकाश, पहिल्यापासून वाचलं.